गोजरबाईंनी बघितलेलं जालना

भालचंद्र विहिरीत पडला त्याला चार वर्षं होऊन गेली होती, पण जालना शहर काही ती गोष्ट विसरायला तयार नव्हतं.

तसं पाहिलं तर घडलं ते फार मोठं नव्हतं. वैशाखातली दुपार होती. मस्तगडाच्या अंगाला त्यांचं घर, घरामागे परस, परसात विहीर. भालचंद्र पुस्तक वाचत परसात येरझारा घालत होता. विहिरीचा कठडा एका बाजूनं ढासळला आहे हे त्याला ठाऊक होतं, पण ते पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंतच ठाऊक होतं. त्यानं पान उलटलं आणि पुढचं पाऊल विहिरीत टाकलं. लागलं काही नाही. दीड तासानं आई पाण्याला आली, तिनं आत डोकावून किंकाळी फोडली, शेजारचे दोर घेऊन धावले आणि मास्तरांना वर काढलं. पण सरकारी शाळेतला मास्तर, आणि तोही वाचता वाचता विहिरीत! दुसऱ्या दिवसापासून भाजीबाजारापासून ठेसनापर्यंत तो ‘बावडीवाले मास्तर’ झाला. आईनं धास्ती घेऊन विहिरीवर सागवानी फळ्या ठोकून घेतल्या. पुढे घाणेवाडीच्या तलावाचं पाणी नळानं शहरात आलं आणि विहिरीची गरजही उरली नाही. नाव तेवढं उरलं.

त्या नावापायी चार सोयरिकी मोडल्या. ‘ज्याला धड जमिनीवर चालता येत नाही तो संसार काय चालवणार?’ असं बदनापूरकडच्या पाहुण्यांनी तोंडावर विचारलं होतं. भालचंद्राला ते पटलंही होतं. आपल्याविरुद्ध कुणी काहीही म्हटलं की त्याला ते लगेच पटत असे.

शेवटी बद्रीनाथ मध्यस्थानं थेट जाफराबादेपलीकडचं स्थळ काढलं. तिथवर विहिरीची बातमी पोचलेली नव्हती. कडूबा पाटलांची सोनूबाई. फाल्गुनात भालचंद्र वडिलांबरोबर मुलगी बघून आला होता. बघितली म्हणजे काय, खाली मान घालून त्यानं तिच्या पायांची बोटं बघितली. निघताना मात्र तो उंबऱ्याला अडखळला आणि ती हसली. लोक त्याला पाठीमागून हसत. ही समोर उभी राहून, त्याच्याकडे बघत हसली. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. तेव्हापासून शाळेत मुलं पाढे म्हणत असताना भालचंद्र खिडकीबाहेर बघत बसू लागला होता.

कडूबा पाटील राजी होते. पण सोनूची आई लहानपणीच गेलेली. तिला वाढवलं कडूबांच्या थोरल्या बहिणीनं, गोजरबाईंनी. शेवटचा शब्द त्यांचा. त्यांचा निरोप आला, ‘वैशाखात येऊ. आधी जालना बघू, मंग घर बघू, मंग बोलू.’

“वैशाखात कुणी शहर बघतं का?” रामराव म्हणाले. ते भालचंद्राचे वडील.

“बघेनात का,” आई म्हणाली. तिला, म्हणजे चतुराबाईंना, अंधारातसुद्धा वाट काढता येत असे. “भालू, तू त्यांना सगळं दाखव. मशीद दाखव, तलाव दाखव, वेस दाखव. फक्त विहीर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बावडी तर नाहीच नाही. कुणी त्या नावानं हाक मारली तर तुला ऐकू आलीच नाही.”

आणि त्यांनी विहिरीच्या फळ्यांवर धुतलेलं धोतर पसरून त्यावर कुरडया वाळत घातल्या. वैशाखात कुरडया कुठंही वाळत असतात. कुणाला काय शंका येणार?

भालचंद्रानं दोन रात्री जागून शहराची माहिती दोन कागदांवर उतरून काढली. कोणती इमारत कुणी बांधली, कोणत्या साली, दगड कुठून आणला. लिहून झाल्यावर त्याला वाटलं, हे फार रूक्ष झालं. मग त्यानं ते पुन्हा लिहिलं. मग वाटलं, हे फार चढेल झालं.

टांगा भुजंगचा ठरवला. भुजंग अख्ख्या शहरात बोलघेवडा म्हणून नावाजलेला. पण त्याच्या घोड्याची चाल चांगली होती.

“भुजंग, आज एक उपकार कर. तो विषय काढू नकोस.”

“मास्तर, गळ्याची आण,” भुजंगनं गळ्याला हात लावला. “मी बिलकुल बोलणार न्हाई. पर मला माझाच भरवसा न्हाई. तोंड रिकामं ऱ्हायलं की ते आपल्या आपण चालू व्हतंय.” थोडा विचार करून त्यानं तंबाखूची एवढी मोठी गोळी गालात कोंबली की डावा डोळा अर्धा मिटला. त्यानंतर तो दिवसभर नुसती मान हलवत राहिला.

पाहुणे सकाळी बैलगाडीनं आले. कडूबा पाटील म्हणजे गोल, हसरा माणूस. गोजरबाई उंच, वाळक्या, हिरव्या लुगड्यातल्या, आणि डोळे असे की आपल्या सदऱ्याचं तुटलेलं बटण त्यांनी मोजून ठेवलं असणार, अशी भालचंद्राची खात्रीच झाली. दुपारी घर बघू म्हणून त्या उंबऱ्यातूनच मागं फिरल्या आणि टांग्यात चढून बसल्या.

“चला मास्तर. दाखवा तुमचं जालना.”

“जालना सोने का पालना म्हणतेत, अक्का,” कडूबा म्हणाले.

“पाळणा सोन्याचा का आसंना. लेकराला पाजावं तर पाणीच लागतंय ना?”

टांगा मूर्ती वेशीतून निघाला. भालचंद्रानं कागद काढला, खाकरला आणि वेशीबद्दल बोलायला सुरुवात केली. एवढ्यात समोरून सायकलवर एक कापसाचे दलाल आले. त्यांचा मुलगा भालचंद्राच्या वर्गात होता. त्यांनी लांबूनच हात उंचावला.

“सलाम, बावडीवाले मास्टरसाब!”

भालचंद्राला ऐकू आलं नाही. त्याचे कान मात्र लाल झाले.

“कोणाला म्हणला हो तो?” गोजरबाईंनी विचारलं.

भुजंगनं भरल्या तोंडानं घोड्याकडे बोट दाखवलं.

“घोड्याला मास्टरसाब म्हंतेत?” कडूबा म्हणाले. “शहर ते शहरच.”

“बावडीवाले म्हणला तो,” गोजरबाई म्हणाल्या. “मास्तर, तुमच्या घरी बावडी हाये काय?”

“नळ आहे,” भालचंद्र घाईनं म्हणाला. “पितळी तोटीचा.” आणि लगेच काळ्या मशिदीकडे वळला.

मशिदीत मौलवीसाहेबांनी त्यांना अदबीनं आवारात उभं करून सगळं बघू दिलं. भालचंद्रानं मशीद बांधणाऱ्या जमशेदखानाचं नाव घेतलं, काळा दगड दाखवला, पलीकडचा हमाम दाखवला, सराई दाखवली. कमानीच्या नक्षीवर तो एरवी वर्गात अर्धा तास बोलत असे. आज तो कागदात बघूनच बोलत राहिला. बोलून झाल्यावर त्यानं बघितलं तर कडूबा सावलीला बसले होते आणि गोजरबाई कमानीकडे पाठ करून हौदापाशी उभ्या होत्या.

“हे पाणी कुठून येतं?”

“पूर्वी मोती तलावातून खापरी नळांनी यायचं, आत्याबाई. जमिनीखालून. ही फार कुशल—”

“आन् आता?”

“आता…” त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कागद बघितला. कागदावर सन होता, पाणी नव्हतं.

त्याला वाटलं, बाईंना तहान लागली असावी. एवढ्या उन्हात म्हातारं माणूस! त्यानं धावत जाऊन कोपऱ्यावरच्या पाणपोईतून तांब्या भरून आणला. गोजरबाईंनी तांब्या हातात घेतला, आत बघितलं, वास घेतला, एक घोट तोंडात घोळवून थुंकला आणि तांब्या परत दिला.

“मचूळ,” त्या म्हणाल्या.

पुढं मोती तलाव. भालचंद्राला या जागेची फार आशा होती. संध्याकाळी इथं वारा सुटतो, पलीकडची झाडं पाण्यात उतरल्यासारखी दिसतात. पण ही वैशाखातली सकाळ होती आणि तलाव काठापासून दूर जाऊन मध्येच बसला होता. गोजरबाई बांधावरून खाली उतरल्या, भेगाळलेल्या मातीवरून सरळ चालत पाण्यापर्यंत गेल्या आणि किती पावलं पडली ते मोजून परत आल्या.

“पावणेदोनशे,” त्यांनी कडूबांना सांगितलं.

“अरे राम!” कडूबा म्हणाले.

भालचंद्राला यातलं काही उमगलं नाही. इतिहासात आपलंच काहीतरी चुकलं असणार, एवढं मात्र त्याला पटलं. त्यानं हळूच दुसरा कागद खिशात घातला.

परत येताना मस्तगडाची गढी लागली. गढीच्या दारावरचा फार्सी लेख दाखवून लगोलग घरी न्यायचं, असं त्यानं ठरवून ठेवलं होतं; कारण गढीच्या आत एक मोठी विहीर होती आणि आजच्या दिवशी विहिरीपाशी त्याला कुणाला न्यायचं नव्हतं. पण गोजरबाईंनी दारातूनच आत पोहऱ्याचा आवाज ऐकला.

“आत पाणी हाये,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्यासुद्धा.

आत कचेरी होती. तिथला म्हातारा चपराशी भालचंद्राला बघताच उठून धावत आला आणि त्यानं त्याचा दंड गच्च पकडला.

“मास्टरसाब, तुम उधर नक्को जाव. मेरी नौकरी का सवाल है.”

“मी नुसतं दाखवतोय,” भालचंद्र कुजबुजला.

“दाखवा. मैं पकड के खडा हूँ, तुम दाखवा.”

तशा दंड धरलेल्या अवस्थेतच भालचंद्रानं ती विहीर दाखवली. आत चहूबाजूंनी सज्जे, सज्ज्यांमागे खोल्या, उन्हाळ्यात वरच्या माणसांनी गारव्याला बसावं म्हणून केलेली सगळी योजना. सांगता सांगता तो रंगला, पुढं झुकला, आणि चपराशानं त्याला मागं ओढलं.

गोजरबाई पायऱ्या उतरून खालपर्यंत जाऊन आल्या. त्यांनी दंडाकडे बघितलं.

“हा तुमचा हात का धरून राह्यला?”

“त्यांचा माझ्यावर फार लोभ आहे,” भालचंद्र म्हणाला.

त्या दुसऱ्या बाजूनं पोहरा ओढणाऱ्या बाईशी बोलायला गेल्या तसे कडूबा भालचंद्राच्या जवळ सरकले. त्यांना या पोराची दया येऊ लागली होती.

“मास्तर, एक सांगू? ते साल-बिल ऱ्हाऊ द्या. अक्काला ते ऐकूच येत न्हाई. ती पाणी बघून राह्यली.”

“तहान लागली आहे ना त्यांना? मी मघाशीच—”

“तहान न्हाई हो! आमच्याकडं पोरगी देताना घर नंतर बघतेत, आधी पाणी बघतेत. किती लांब, किती खोल, वैशाखात किती उरतं. जन्मभर वढायचं तिलाच आसतं. अक्का स्वतः परणून गेली ती अशा गावात की दोन कोसांवरून घागर आणायची. म्हणून तर ती वैशाखात आली. दिवाळीला काय, सगळीच गावं गोड आसतेत.”

भालचंद्राच्या डोक्यात लख्ख झालं. म्हणजे सकाळपासून आपण बाईंना कमानी दाखवत होतो! त्याला स्वतःचा राग आला आणि लगेच हायसंही वाटलं. पाणीच हवं ना? मग घरात नळ आहे की. ओढायचं नाही, वाहायचं नाही, तोटी फिरवायची. पुस्तकातलं उत्तर ऐन परीक्षेत आठवावं तसा तो टांग्यात उडी मारून बसला.

“जल्दी, भुजंग! घरी!”

घरी आईनं सुपारी, पानं, सगळं मांडून ठेवलं होतं. भालचंद्रानं पाहुण्यांना बसूसुद्धा दिलं नाही. त्यांना थेट न्हाणीपाशी नेलं.

“आत्याबाई, बघा. पोहरा नाही, दोर नाही.” आणि त्यानं तोटी फिरवली.

तोटी आधी खोकली. मग आतून लांबलचक उसासा आला, एक थेंब बाहेर डोकावला आणि परत आत गेला.

“हे काय म्हणून राह्यलंय?” गोजरबाईंनी विचारलं.

“सकाळी येतं,” रामराव मागून म्हणाले. “सकाळी दोन तास. बराबर.”

“आन् दुपारी लेकरानं पाणी मागितलं तर?”

गोजरबाईंनी पदर खोचला. “ज्या घराला परस आसतं त्या घराला विहीर आसती,” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि मागच्या दारातून बाहेर पडल्या.

परसात कुरडया वाळत होत्या. गोल. अगदी गोल मांडलेल्या. गोजरबाईंनी वाकून धोतराचं एक टोक उचललं. खाली फळ्या होत्या, आणि फळ्यांना बोटभर लांबीचे खिळे.

त्यांनी धोतर परत ठेवलं. मघापासून त्यांच्या चेहऱ्यावर हिशेबी कडकपणा होता. तो गेला आणि तिथं दुसरंच काहीतरी आलं.

“कोण गेल्ती हिच्यात?”

“कुणी नाही!” चतुराबाई म्हणाल्या. “पालापाचोळा पडतो म्हणून—”

“नळ आला म्हणून—” रामराव त्याच वेळी म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

“आमच्या गावात अशा दोन विहिरी हायेत,” गोजरबाई हळू म्हणाल्या. “खिळे मारल्याल्या. दोन्हींत सुनाच गेल्त्या. घरचे आसंच सांगतेत, पालापाचोळा पडतो.” त्या वळल्या. “कडूबा, बैल जुंपायला सांग. आपली सोनी हितं यायची न्हाई.”

कडूबांचं हसू मावळलं. ते दाराकडे निघाले. रामराव खांबाला धरून उभे. चतुराबाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण बोलणार काय? खरं सांगावं तर मुलगा गेला, खोटं सांगावं तर मुलगी गेली.

भालचंद्र परसाच्या मधोमध उभा होता. शाळा तपासायला साहेब आले की त्याचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नसे. आत्ता त्याला समोर सोनूबाईचं ते तोंडावरचं हसणं दिसत होतं, आणि ते बैलगाडीत बसून निघालं होतं.

“मी पडलो होतो!”

तो इतक्या मोठ्यानं ओरडला की पलीकडच्या परसातली कोंबडी उडाली.

गोजरबाई थांबल्या. “काय म्हणला?”

“मी. चार वर्षांपूर्वी. कुणी सून नाही, कुणी बाई नाही. मीच पडलो. सगळ्या शहराला ठाऊक आहे. सकाळी ते बावडीवाले म्हणाले ते मलाच.”

“धडधाकट बाप्या माणूस विहिरीत कशाला पडंल?”

“वाचत होतो.”

“काय?”

“पुस्तक.”

दाराशी कडूबा वळले. त्यांना हसू फुटू लागलं. पण बहिणीकडे बघून त्यांनी ते दाबलं.

गोजरबाईंचे डोळे बारीक झाले. “लेकाला पुढं करून सून झाकून राह्यले. आसं कोणी पडतं का? बरं. पडल्ता ना तुम्ही? कोणत्या अंगानं?”

“ढासळलेल्या. त्या सीताफळाच्या बाजूनं.”

“पायऱ्या किती?”

“पायऱ्या नाहीत. भिंतीत पाय ठेवायला दगड आहेत, एक सोडून एक. वरून सातवा निखळलेला आहे. माझा पाय दहाव्यावर टेकला. पाणी कमरेला लागत होतं. खाली तळ नव्हता, निदान मला लागला नाही.”

“किती येळ व्हता?”

“दीड तास.”

“दीड तास!” गोजरबाईंचा आवाज चढला. “दीड तास आन् कोणाला ऐकू न्हाई गेलं? मस्तगडात काय सगळे बहिरे राहतेत? तुम्ही वरडला का न्हाई?”

का ओरडलो नाही, हे भालचंद्रानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. जे सांगितलं होतं त्यालाच लोक इतके हसले. हे सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. त्यानं आईकडे बघितलं, मग पायांकडे.

“आत एक दगड आहे,” तो म्हणाला. “पाण्याला अगदी लागून. त्यावर अक्षरं कोरलेली आहेत. शेवाळ होतं, ते खरवडून काढावं लागलं. मग… वाचत बसलो. ओरडायचं राहून गेलं.”

मग आईनं कपाळावर हात मारला. “आत पडूनसुद्धा वाचतच होतास?”

“काय लिव्हलंय त्याच्यावर?” गोजरबाईंनी विचारलं. त्या अजून सरकारी वकिलासारख्या उभ्या होत्या.

भालचंद्रानं डोळे मिटून म्हटलं, “‘शके सोळाशें एक्याण्णव. भागूबाईनें हे विहीर बांधिली. दोन वेळां खडक लागला. तिसरे वेळीं…’ आणि पुढची ओळ पाण्याखाली. ती मला वाचता आली नाही. तोवर आई आली.”

“फळ्या काढा,” गोजरबाई म्हणाल्या.

आईनं कुरडया उचलल्या. रामरावांनी पहार आणली. भुजंग टांगा सोडून धावत आला. एवढा मोठा प्रसंग बघून त्यानं गालातली गोळी थुंकली, आणि सकाळपासून साठलेलं बोलणं एकदम सुटलं. “मी सांगतो ना, आत्याबाई, मीच वढलं मास्तरला वर! दोर बांधायला गेलो तर म्हणतेत कसे, ‘जरा थांब!’ मला वाटलं डोक्याला मार लागला—”

“तू पहार धर,” गोजरबाई म्हणाल्या.

फळ्या निघाल्या. चार वर्षांचा गार वास वर आला. आत काळोख होता. गोजरबाईंनी चतुराबाईंकडून पितळेची परात मागून घेतली, उन्हात तिरपी धरली आणि उन्हाचा एक गोळा विहिरीच्या भिंतीवर सोडला. तो गोळा दगड मोजत खाली गेला. सातवा दगड निखळलेला होता. दहाव्याच्या वर, शेवाळ खरवडलेल्या जागी, अक्षरं उजळली. त्यांच्याखाली पाणी चमकलं. ऐन वैशाखात, भरपूर.

“कडूबा, तुला अक्षर येतंय. वाच.”

कडूबा पालथे पडले. “श… के… सो… ळा… शें…” त्यांना वेळ लागला. मधेच ते ‘खडक’चं ‘कडक’ करून बसले, पण निभावलं. “ति… स… रे… वे… ळीं…” ते थांबले, अजून पुढं वाकले. “आन् फुडं? फुडं काय झालं? आरं तिसऱ्या येळी काय झालं?”

“तेच तर,” भालचंद्र कळवळून म्हणाला. “मी चार वर्षं तेच म्हणतोय! म्हणजे, मनातल्या मनात.”

गोजरबाईंनी परात खाली ठेवली. पोहरा सोडायला लावला, आलेलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात घोळवलं. या वेळी थुंकलं नाही. मग त्या कठड्याच्या शाबूत बाजूला बसल्या आणि त्यांचे खांदे हलू लागले. चतुराबाईंना वाटलं, रडतात. त्या हसत होत्या. अशा हसल्या की डोळे पुसायला पदर पुरेना.

“विहीणबाई,” त्या चतुराबाईंना म्हणाल्या, आणि तो शब्द ऐकून रामरावांनी खांब सोडला. “माझ्या नवऱ्यानं भाकरी करपली तरी गाव गोळा केला जल्मभर. आन् हे तुमचं लेकरू! विहिरीत पडलं तरी ज्याला वरडायचं सुचत न्हाई, ते बायकोवर काय वरडणार?”

“तसा तो आज ओरडला,” रामराव प्रामाणिकपणे म्हणाले.

“आज वरडायलाच पायजे व्हतं,” गोजरबाई म्हणाल्या. “बरं, दोन गोष्टी. ह्या फळ्या परत ठोकायच्या न्हाईत. आन् कठडा बांधून घ्यायचा, चांगला छातीएवढा. मास्तर पुस्तक सोडणार न्हाईत, तेव्हा भिंतीलाच वर यावं लागंल.”

“आणि तरी पडलो तर?” भालचंद्रानं विचारलं. त्याला स्वतःची खात्री नव्हती.

“मंग सोनी काढंल. पूर्णेच्या डोहात पोहणारी पोर हाये ती. तुमच्यासारखे दोन काखेत मारून वर यील.”

ज्येष्ठात लग्न झालं. जालन्यातले लोक वरातीत भालचंद्राला ‘बावडीवाले’ म्हणालेच. सोनूबाईनं ते ऐकलं आणि तिला तिथंच हसू आवरेना. पाऊस सुरू व्हायच्या आधी एका दुपारी सासूबाईंना परसाच्या दाराशी राखणीला बसवून, कासोटा मारून ती विहिरीत उतरली, बुडी मारली आणि वर येऊन भिंतीतल्या दगडाला धरून म्हणाली, “हायेत अक्षरं. बोटाला लागतेत. पर मला काय कळतंय त्यातलं?”

“तसंच काढून दाखव ना, माझ्या हातावर,” भालचंद्र कठड्यावरून म्हणाला. कठडा आता छातीपर्यंत होता.

“न्हाई. आधी मला अक्षरं शिकवा. मंग मीच वाचीन.”

त्यानं विनवण्या केल्या, एकदा रुसूनही बघितलं. ती बधली नाही. मग पावसाळाभर, हिवाळाभर चुलीपुढच्या राखेत अक्षरं उमटू लागली. आईच्या नजरेला पडू नये म्हणून आधी फुंकरीनं पुसली जात. पुढं एक दिवस आईच राख सारखी करून ‘हे कोणतं गं?’ म्हणून विचारायला लागली.

पुढच्या वैशाखात सोनूबाई पुन्हा उतरली. एक बुडी, दुसरी, तिसरी. भालचंद्राचा जीव कठड्यावर टांगलेला. अखेर ती वर आली, केस मागं सारले, खोकली.

“वाचलं.”

“काय? काय आहे? तिसरे वेळीं काय?”

“‘तिसरे वेळीं पाणी निघालें. गोड आहे.’”

“आणि पुढं?”

“फुडं काय न्हाई. संपलं.”

“एवढंच?” भालचंद्राच्या तोंडून निघून गेलं. पाच वर्षांत त्यानं त्या जागी नवस, शाप, राजघराणं, पुरलेला ठेवा, काय काय कल्पून ठेवलं होतं.

“आता गं बया!” विहिरीतून आवाज आला. “विहिरीतून आणिक काय निघायला पायजे व्हतं तुम्हाला? दोर सोडा लवकर, मला हितं गार लागून राह्यलंय.”